पॅनेलच्या आतलं अक्षर

फिल्टरची जाळी दर पंधरा दिवसांनी साध्या पाण्याने धुवावी. उन्हात वाळवू नये, वाकडी होते.

*

वनमालाने नवऱ्याचा मोबाईल अजून बंद केलेला नाही. रोज सकाळी ती तो चार्जिंगला लावते.

*

शिमग्याला पालखी दारात येते तेव्हा घरचा कर्ता माणूस गावाला हवा. मुंबईत कितीही काम असो.

*

मुलुंड पूर्वेच्या एका सोसायटीने रंगकामाच्या वेळी सगळ्यांना खिडक्यांच्या ग्रिल काढायला लावल्या. परत लावू दिल्या नाहीत. इमारत बाहेरून आता छान दिसते.

*

एसीच्या पॅनेलची आतली बाजू जरा खरखरीत असते. तिथे पेन्सिल चांगली उमटते आणि वर्षानुवर्षं टिकते. ओल्या अंगठ्याने मात्र पुसता येते.

*

अडीच इंची बोल्ट आणि चार इंची बोल्ट, भिंतीत गेल्यावर बाहेरून सारखेच दिसतात.

*

जयवंत परब सव्वीस वर्षं एसीचं काम करत होता. राहायला घाटकोपरला, भटवाडीत. अंधेरीपासून मुलुंडपर्यंत त्याची घरं होती. गिऱ्हाइकांना तो घरं म्हणायचा. त्याची एक सवय होती. आतलं काम झालं की पॅनेल, म्हणजे घरातल्या युनिटचं पुढचं पांढरं झाकण, परत बसवण्याआधी तो त्याच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने दोन-तीन ओळी लिहायचा. तारीख, गॅसचं प्रेशर, आणि पुढच्या वेळी जो येईल त्याच्यासाठी निरोप.

सवय वडिलांची होती. वडील गिरणीत. पाळी संपली की पुढच्या कामगारासाठी साच्यावर, म्हणजे मागावर, खडूने लिहून जायचे: डावीकडचा धागा तुटतो, सांभाळ. गिरणी गेली, साचे भंगारात गेले. मुलाने खडू सोडून पेन्सिल घेतली.

पुढच्या वेळी येणारा बहुतेक देवेशच असायचा. देवेश नऊ वर्षं जयवंतबरोबर काम करत होता, त्याच्याकडेच सगळं शिकला. तो त्याला दादा म्हणायचा. दादा त्याला देव्या म्हणायचा. त्यामुळे निरोपही देव्यालाच असायचे.

७/३/२२. प्रेशर ६५. पाणी घरात गळतं कारण ड्रेन पाइपला उतार नाही. देव्या, पाइप एक बोट खाली घे.

२२/११/२२. अठरावर लावतात आणि वर रजई घेतात. चोवीस सांगून बघ. मी दोनदा सांगितलं.

५/५/२३. कॉइलवर बर्फ. गॅस बरोबर आहे, फिल्टर तुंबलाय. उगाच गॅस भरायचा नाय देव्या.

१९/१/२४. आजी एकट्या असतात. स्टूल त्यांना उचलू देऊ नको.

सोळा एप्रिल २०२४ ला, मंगळवारी, दुपारी चारच्या सुमारास जयवंत मुलुंडला एका इमारतीच्या चौथ्या मजल्यावरून खाली पडला. एसीचं बाहेरचं युनिट ज्यावर ठेवतात तो लोखंडी अँगल भिंतीतून निखळला. आधी अँगल, मग युनिट, मग जयवंत. किंवा सगळं एकदमच. देवेश खोलीत होता, त्याला क्रम सांगता आला नाही.

*

त्यानंतर देवेश एकटाच घरं करू लागला. बाहेरच्या युनिटचं काम आलं की तो दुसऱ्या कोणाला तरी द्यायचा. आतलं काम करायचा.

आणि आतच दादा होता.

अंधेरीला पॅनेल उघडलं: देव्या, मोटारचा आवाज ऐकलास का, बेअरिंग जातंय. त्याने कान दिला. बेअरिंग जात होतं. घाटकोपरला उघडलं: देव्या, इथे चहा घेऊ नको, बाई फार गोड करतात. बाई चहाचा कप घेऊन मागे उभ्या होत्या. पवईला उघडलं: पुढची सर्व्हिस एप्रिल २५. तेव्हा एप्रिल २५ चालू होता.

मेलेल्या माणसाने तारीख दिली होती आणि देवेश ती पाळत होता.

काही ठिकाणी निरोप सर्व्हिसचा नव्हताच. देव्या, काल तू चिडलास, बरोबर होतास. मुलुंडच्याच एका घरात, दुसऱ्या गल्लीत. तो कशावरून चिडला होता ते त्याला आठवेना. ते पॅनेल तो बराच वेळ हातात धरून उभा राहिला आणि घरातला माणूस म्हणाला, "तुटलं का हो?"

बोरिवलीचं घर मात्र वेगळं. गंधाली नावाच्या बाई, नवीन गिऱ्हाईक, कोणीतरी नंबर दिला म्हणून फोन केलेला. त्या घरात दादा कधीच गेला नव्हता. देवेश निर्धास्त स्टुलावर चढला, दोन्ही बाजूंच्या खटक्या दाबून पॅनेल उचललं आणि आत लिहिलेलं होतं: देव्या, घाई करू नको.

तो स्टुलावरून खाली उतरला.

"काय झालं? करंट बसला का?" गंधालीबाईंनी विचारलं.

"नाय मॅडम. हा एसी कुठून घेतलात?"

"सेकंडहँड आहे. अंधेरीला एकांनी घर सोडलं, त्यांच्याकडून. का? फसवलं का आम्हाला?"

"नाय नाय. झकास एसी आहे."

म्हणजे सोपं होतं. एसी घर बदलतात, पॅनेल त्यांच्याबरोबर जातं. देवेशला ते पटलं. पण त्या दिवसापासून तो पॅनेल उघडण्याआधी बोटाने दोनदा टकटक करू लागला. दार वाजवावं तसं. कोणी बघत असलं तर म्हणायचा, झुरळं असतात, पळून जातात.

*

दादाच्या बायकोला, वनमालाला, हे त्यानेच सांगितलं. सांगायला नको होतं.

तेराव्यानंतर कधीतरी तो भटवाडीत गेला होता, बोलायला काही नव्हतं म्हणून बोलला. वहिनी, आज घाटकोपरला दादाचं अक्षर सापडलं. ती पोहे परतत होती. गॅस बंद करून समोर येऊन बसली.

"तेचा अक्षर खय खय आसा रे?"

"सगळ्या घरांत आहे वहिनी."

"माका फोटो धाड."

तेव्हापासून तो फोटो पाठवायचा. वर्षभरात एक्केचाळीस झाले. ती ते बोटांनी मोठे करून वाचायची आणि लगेच फोन करायची. हा दिवस आठवतो, या दिवशी आमचा भांडण झाला होता, बघ ना अक्षर कसा वाकडा. हा गणपतीच्या आधीचा दिवस, घाईत लिहिलान. तिला प्रेशर म्हणजे काय ते कळत नव्हतं. सुरुवातीला ती विचारायची, पासष्ट म्हणजे ताप होता काय मशीनीक? मग देवेशने तिला समजावलं. गॅस काही संपत नसतो वहिनी, पेट्रोलसारखा जळत नाही. तो फिरतच राहतो. आत येऊन खोलीची उष्णता उचलतो, बाहेर नेऊन टाकतो, परत आत येतो. कुठे गळती असली तरच कमी होतो.

"म्हणजे तोच तोच गॅस?"

"तोच तोच. वर्षानुवर्षं."

"तोच तोच," ती पुटपुटली. मग म्हणाली, "बरा आसा."

गेल्या महिन्यात, मे उजाडता उजाडता, तिने विचारलं, "आणि शेवटचा? मुलुंडचा?"

"त्यात नसेल वहिनी. काम पुरं कुठे झालं होतं?"

"तो बाहेर जावच्या आधी लिही. बाहेरसून इल्यार हात काळे होतत, पांढरा झाकण खराब होता, म्हणान आधीच लिहून ठेवी. तूच सांगितलंस ना माका."

त्यानेच सांगितलं होतं.

"तो एसी आसा ना अजून थय?"

"आहे."

"मग बघ ना रे. माका फक्त इतक्याच व्हया."

*

रविवार होता. दुकान बंद होतं.

हे वाक्य देवेश मनात इतक्या वेळा बोलला होता की ते त्याच्या आवाजातही राहिलं नव्हतं.

एकोणीस मार्च २०२३. जयवंत शिमग्याला गावी. मुलुंडच्या शुभाकाकूंकडे नवा एसी आला होता. कंपनीचा फिटर दोन दिवस येतो येतो म्हणून आलाच नाही, तेव्हा त्यांच्या मुलाने, अनयने, देवेशला बोलावलं. काकू आणि काका त्या दिवशी मुलीकडे पवईला गेले होते. देवेशने एकट्याने फिटिंग केलं. बाहेरच्या भिंतीवर अँगल ठोकायला चार बोल्ट लागतात, भोकात गेल्यावर आत फुलून भिंतीला धरणारे. चार इंची हवेत, कारण मधे अडीच इंच नुसतं प्लॅस्टर असतं कधी कधी. त्याच्या पिशवीत अडीच इंची होते.

त्याने अडीच इंची लावले.

जयवंत गावाहून आल्यावर त्याने सगळ्यात आधी तेच विचारलं होतं. "चार इंची घातलेस ना रे?"

"हो दादा."

घरच्यांना वाटत राहिलं की फिटिंग कंपनीच्या माणसाने केलं. नंतर, त्या मंगळवारनंतर, जेव्हा विचारपूस झाली, तेव्हा शुभाकाकूंनी तेच सांगितलं. अनय तेव्हा नोकरीसाठी परदेशी होता, त्याला कोणी विचारलं नाही. देवेशलाही अँगल कोणी बसवला असं कोणी सरळ विचारलं नाही. तो गप्प राहिला.

अनय सोडला तर एकच माणूस होता ज्याला माहीत होतं की अँगल देवेशचा आहे. त्या माणसाला बाहेर जाण्याआधी सगळं लिहून ठेवायची सवय होती.

*

दादाचे नियम, देवेशला तोंडपाठ:

ओल्या हाताने स्विच नाही.

कॉइलच्या पत्र्या ब्रशने उभ्या घासायच्या, आडव्या नाहीत.

बाहेर जाण्याआधी अँगलचे चारही बोल्ट पान्याने तपासायचे. मग अँगल हाताने खाली ओढायचा. मग एक पाय. मग दुसरा.

कमरेच्या पट्ट्याचा हुक ग्रिलला. ग्रिल नसेल तर दोरीने आतल्या कपाटाला, दाराला, कशालाही. अँगलला नाही. कधीच नाही.

अपवाद एक. अँगल आपण बसवलेला असेल तर चालतो. आपल्या हाताचं काम परत तपासायचं नसतं. तपासलं तर मग कामच कशाला केलं?

हा अपवाद दादाचा एकट्याचा नव्हता. धंद्यातले सगळे जुने असंच करायचे. दुसऱ्याचं काम डोळे फाडून बघायचे, आपलं आणि आपल्या माणसाचं सोडून द्यायचे. त्यात अभिमान होता.

*

शुभाकाकूंचा फोन नेमका त्याच आठवड्यात आला.

"देवेश, अनय नवा एसी लावून देतोय, हॉलमध्ये. बेडरूममधलं ते धूड तेवढं काढून ने बाबा. दुसऱ्या कोणाला हात लावू द्यायचा नाही असं यांचं म्हणणं."

तो गुरुवारी दुपारी गेला. सोसायटीचा वॉचमन तोच होता. त्याने वहीत नाव लिहायला सांगितलं नाही, नुसतं बघितलं.

श्यामकांतकाकांनी दार उघडलं. निवृत्त माणूस, दम्याचा, बनियनवर. "ये रे. वर्षभर पंख्याखाली झोपतोय, रोज सकाळी इडलीसारखा वाफवून निघतो. आता तो एसी लागला की बर्फाचा होईन."

"तुम्ही आधी मफलर शोधा," शुभाकाकू आतून म्हणाल्या.

बेडरूमचं दार ओढलेलं होतं. काकूंनी ते उघडलं, पण आत आल्या नाहीत.

एसी भिंतीवर होता. वर्षभर बंद. खिडकीतून बाहेर जाणारे तांब्याचे पाइप कापून त्यांची तोंडं टेपने गुंडाळलेली. बाहेर काही नव्हतंच. युनिट नाही, अँगल नाही, भिंतीत चार भोकं, ज्यांना सोसायटीने रंग लावून टाकला होता. आतलं यंत्र कशालाच जोडलेलं नव्हतं.

"एक सांगू का?" काकू उंबऱ्यावरूनच म्हणाल्या. "हे टिकटिकतं."

"कधी?"

"दुपारी. चारच्या सुमाराला."

"पश्चिमेची भिंत आहे काकू. ऊन आलं की प्लॅस्टिक फुगतं, त्याचा आवाज. सगळ्या एसींचा येतो."

"पावसाळ्यातही?"

देवेशने स्टूल ओढलं.

"जुलैत ऊन कुठलं रे," त्या म्हणाल्या आणि चहा ठेवायला गेल्या.

*

तो स्टुलावर चढला. टकटक केली.

खिडकी उजव्या हाताला होती. सरकती काच, ग्रिल नाही. त्या मंगळवारी दादा याच खिडकीच्या कट्ट्यावर बसला होता, एक पाय आत, एक बाहेर, पट्ट्याचा हुक हातात. त्याने खोलीभर नजर फिरवली. कपाट भिंतीत बसवलेलं, दोरी बांधायला जागा नाही. दाराला बांधायची तर दोरी आणायला खाली जावं लागलं असतं.

"हा तू बसवलेला ना?"

"हो दादा."

"मग झालं."

हुक अँगलला अडकला. त्याचा आवाज छोटासा होता. देवेशच्या हातात तेव्हा तेरा नंबरचा पाना होता. तो पाना त्याने पुढे केला असता, नुसता हात लांब केला असता तरी पुरे होतं. त्याच्या मनात आलं की वर्ष टिकलाय. अर्धा तास टिकेल.

आता त्याने खटक्या दाबल्या. पॅनेल सुटलं. वर्षभराची धूळ त्याच्या तोंडावर आली आणि लवंगेचा वास आला. दादा तोंडात लवंग ठेवायचा. कॉइल वास धरून ठेवते हे देवेशला माहीत होतं; कोणी सिगारेट ओढत असेल, उदबत्त्या लावत असेल, तर तो वास कॉइलच्या पत्र्यांत बसतो आणि कधीतरी बाहेर येतो. गिऱ्हाइकांना तो हे नेहमी सांगायचा. एका माणसाच्या तोंडातली एक लवंग एवढी पुरते का, हे त्याने कधी कोणाला सांगितलं नव्हतं.

त्याने पॅनेल उलटं केलं.

१६/४/२४. प्रेशर ११५. काकांना दमा, फिल्टर दर आठवड्याला धुवायला सांग. ड्रेन साफ केला. अँगल देव्याचा. बघायला नको.

*

अँगल देव्याचा. बघायला नको.

*

त्याने ते किती वेळा वाचलं ते इथे लिहून उपयोग नाही.

मग त्याने उजवा अंगठा जिभेला लावला. फक्त शेवटची ओळ. वहिनीला बाकीचं पुरलं असतं. काकांचा दमा, ड्रेन साफ केला, शेवटच्या दिवशीही माणूस दुसऱ्याच्या छातीची काळजी करत होता. तिला तेवढंच हवं होतं. शेवटची ओळ नसती तर तिचं काहीच बिघडलं नसतं.

अंगठा 'अँ'वर टेकला. डोक्यावरचा चंद्र गेला. राखाडी डाग राहिला.

भिंतीवरचं उघडं यंत्र टिकटिकलं. एकदा. मग परत.

देवेशने घड्याळ बघितलं नाही. अंगठा पँटला पुसला.

"चहा झाला," काकू बाहेरून म्हणाल्या. "आत आणू की बाहेर येतोस?"

"येतो बाहेर."

चहा पिताना काका म्हणाले, "त्या जयवंतने मला दर आठवड्याला जाळी धुवायला सांगितलं होतं. त्याच दिवशी, येता येताच. मी म्हटलं, अहो धूळ ती, कुठे जाते. एसी बंद झाला ते झाला, मी वर्षभर पंख्याची पाती धुतोय आठवड्याला. वेडेपणा नुसता."

"छान चमकतात हो," काकू म्हणाल्या, आणि कोणीच हसलं नाही.

*

यंत्र त्याने टेम्पोवाल्याबरोबर भंगाराला पाठवलं. पॅनेल तेवढं काकूंकडून जुनी चादर मागून त्यात गुंडाळलं आणि रिक्षाने भटवाडीला नेलं. रिक्षात ते मांडीवर आडवं होतं. ड्रायव्हर म्हणाला, "टीव्ही है क्या?" देवेशने मान हलवली.

वनमाला दारातच होती. त्याने फोन केला नव्हता.

"अक्षर गावला?"

त्याने चादर सोडली. तिने पॅनेल दोन्ही हातांनी घेतलं, पलंगावर ठेवलं, खिडकी पूर्ण उघडली आणि चष्मा लावून वाकली. बोट अक्षरांच्या खालून फिरवत होती, न टेकवता.

"सोळा चार चोवीस. प्रेशर..." ती थांबली. "एकशे पंधरा. बरा ना ह्या?"

"हो. नव्या गॅसला एवढंच लागतं."

"काकांना दमा." तिने तेवढं दोनदा वाचलं. मग पुढे. मग शेवटची ओळ. मग बोट मागे आलं.

"हय चंद्र नाय. तो कधी चंद्र विसरूचो नाय."

देवेशने अंगठा मुठीत मिटला.

"अँगल देव्याचा," तिने वाचलं. "बघायला नको. म्हणजे काय रे?"

पंखा चालू होता. त्याच्या जाळीत एक दोरा अडकला होता आणि तो फडफडत होता.

"वहिनी, तो अँगल मी बसवला होता."

ती वळली नाही.

"दादा शिमग्याला गावी होते तेव्हा. बोल्ट लहान होते. अडीच इंची. चार इंची पाहिजे होते."

"तुका म्हायत होता?"

"हो."

"तेका?"

"नाय. त्यांनी विचारलं होतं. मी चार इंची सांगितलं."

"आणि त्या दिवशी? तू थयच होतंस ना?"

"हो."

वनमाला पलंगाच्या कडेवर बसली. चष्मा काढला. तिच्या तोंडावर राग येईल म्हणून तो वाट बघत होता. वर्षभर त्याने त्याचीच तयारी केली होती. तिने फक्त एकच शब्द विचारला.

"कित्याक?"

का केलंस, याचंही उत्तर त्याच्याकडे तयार होतं. किती तरी दिवस तयार होतं. अगदी गुळगुळीत झालेलं.

"रविवार होता वहिनी. दुकान बंद होतं. भटवाडीपर्यंत येऊन बघितलं, अंबादासचं शटर खाली. तिथे अनय घाई करत होता."

तिने पॅनेलकडे बघितलं. मग त्याच्याकडे. मग तिचा चेहरा हळूहळू सुटला. गळती थांबल्यावर प्रेशरचा काटा जिथल्या तिथे येतो तसं काहीतरी तिच्या खांद्यांत झालं.

"दुकानच बंद आसला तर तू तरी काय करतलंस."

"वहिनी..."

"गप रव. माझा आयक." ती पदराने पॅनेलची कड पुसत होती, अक्षराला न लागू देता. "वर्षभर मी तेच्यारच राग धरून होतंय. सव्वीस वर्सां काम केलेलो माणूस, बघल्याशिवाय कसो चढलो? इतको बेफिकीर कसो झालो? रात्री उठान बसंय आणि तेका शिव्या घालंय. आता कळला." तिने शेवटच्या ओळीवर बोट धरलं. "तो बेफिकीर नव्हतो. तुझो भरवसो होतो तेका."

देवेशला बसायला जागा होती. तो उभाच राहिला.

"दुकान बंद," ती परत म्हणाली, या वेळी स्वतःशी, आणि तो शब्द तिला कुठेतरी नीट ठेवता आला असं दिसलं. तिने पॅनेल भिंतीला टेकवून उभं केलं, जयवंतच्या फोटोखाली, लिहिलेली बाजू बाहेर. मग फोटोच्या मागच्या फळीवरून एक पेन्सिल काढली. दोन इंच राहिलेली, मागचं टोक चावलेलं.

"तेच्या पिशवीत होती. आता तू लिहीत जा. तुझ्या मागून कोणतरी येतलोच ना?"

त्याने ती घेतली.

जाताना तिने दारातून सांगितलं, "येत रव रे. आणि जेवण करून जायत जा, असो उपाशी फिरू नको."

*

पेन्सिल देवेशच्या शर्टाच्या खिशात असते. तो आता प्रत्येक पॅनेलच्या आत, दादाच्या ओळींच्या खाली, लिहितो. तारीख. प्रेशर. तिसरी ओळ त्याला अजून जमलेली नाही. परवा अंधेरीला त्याने टकटक केली, उघडलं, लिहायला पेन्सिल टेकवली आणि बऱ्याच वेळाने घरच्यांनी विचारलं की भाऊ, काही अडलंय का.

नाही, तो म्हणाला. सगळं बरोबर चाललंय. चोवीसवर लावा.

*

रविवार, एकोणीस मार्च २०२३ रोजी भटवाडीतलं अंबादासचं हार्डवेअरचं दुकान सकाळी दहा ते दुपारी दोन उघडं होतं.